डाव्या पाइपाचं भोक

काकांची एटीव्ही घरामागच्या पडवीत सात वर्षं उभी होती. उभी म्हणायचं आपलं. पुढचं डावं चाक आत मुडपून ती एका गुडघ्यावर बसल्यासारखी दिसायची. आमच्या इकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवायला जाड टायरांच्या चारचाकी मोटारसायकली असतात ना, तसलीच ती. सीटच्या स्पंजात मुंग्यांनी घर केलं होतं. हँडलचा उपयोग एवढाच, की काकू त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगायच्या.

‘आमच्या इकडच्या’ म्हणालो खरा, पण मी इकडचा नाही. परभणीकडचा आहे. नववीत शाळा सोडली आणि गावातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात लागलो. अठराव्या वर्षी एका बंगल्याच्या गेटच्या कामाला म्हणून मुरुडच्या बाजूला आलो, काम संपलं आणि मी राहिलो. पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा एवढं पाणी आणि त्यातला एक घोट पिता येत नाही, हे मला पटेना. चाखून बघितलं. सोबतचे अजून हसतात.

काका-काकूंकडे मी आलो तो वादळामुळे. माझ्या भाड्याच्या खोलीचे पत्रे त्या दिवशी पाखरांसारखे उडून गेले आणि मी भिजलेली पिशवी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. काकांची स्वतःची नारळाची अर्धी वाडी आडवी झाली होती. काठी टेकत टेकत ते शाळेत कुणाला तरी बघायला आले आणि मला बघून थांबले.

“कुठला रं तू?”

“परभणीचा.”

“मंग हितं काय करतंस? चल घरी. पेज तरी पी.”

पेज प्यायला गेलो तो पाच वर्षं झाली. पडवीच्या बाजूची खोली त्यांनी मला दिली. काकू मला ‘बाला’ म्हणतात. ताटात मासळीचा मधला तुकडा कुणाच्या वाट्याला येतो हे बघितलं की घरात कोण कोण आहे ते कळतं. तिसऱ्या महिन्यापासून तो माझ्या ताटात यायला लागला. माय फोनवर दर वेळी म्हणते, “लोकाच्या घरात राहायलास बाबा, खाली मान घालून राह.” मी घालतो. मला धाकधूक फार. कुणी आवाज चढवला की वाटतं, झालं, आता पिशवी उचलावी लागणार.

त्या घरात एक मोकळी जागा होती, आणि मी तिथे बसलोय हे मला माहीत होतं. ती त्यांच्या मुलाची. काकांचा डावा पाय गुडघ्याखाली निकामी आहे. सात वर्षांपूर्वी संध्याकाळी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचं काम आटोपून बापलेक एटीव्हीवरून घरी येत होते. मुलगा चालवत होता, काका मागे. वाळूतून गोड्या पाण्याचा एक ओहोळ समुद्राला मिळतो, तिथे गाडी पुढच्या डाव्या अंगानं बसली आणि उलटली. इंजिन काकांच्या पायावर आलं. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. किनाऱ्यावरचे सगळे म्हणाले, पोरगं नेहमीच उडवतं. काकांनी दवाखान्यात, सगळ्या गावासमोर त्याला सांगितलं की पुन्हा तोंड दाखवू नको.

तो उरणला गेला. तिथे कंटेनरचे ट्रेलर चालवतो. गौरी-गणपतीला येतो, अंगणात खुर्ची टाकून बसतो, अंगणातच जेवतो आणि निघतो. बाप त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे बोलतात, पण काकूंच्या तोंडून.

“त्याला सांग, गाडी दारात आडवी लावू नको.”

मुलगा तीन हातांवर असायचा. “त्यांना सांग, सरळच लावलीय.”

“मी काय टेलिफोन हाय?” काकू मोदक वाढता वाढता म्हणायच्या, पण सांगायच्या दोघांनाही. मग पडवीत येऊन एटीव्हीच्या हँडलवरच्या कांद्याच्या माळा उगाच सारख्या करायच्या.

मागच्या पावसाळ्यानंतर मी म्हणालो, “काका, ही गाडी मी उभी करून देतो.”

“आरं, भंगारवाला पन न्हाय घेणार तिला.”

“करून बघतो. तुम्हाला वाडीत जाता येईल.”

त्यांची वाडी खाडीच्या कडेला, वाळूच्या पट्ट्यापलीकडे आहे. काठी वाळूत रुतते आणि स्कूटर घसरते. सात वर्षांत त्यांनी आपले नारळ आपल्या झाडावर बघितले नव्हते. दुसऱ्यांनी काढून आणलेले बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हँडलवरच्या माळा काढलेल्या आणि काका स्टुलावर बसून फडक्यानं पेट्रोलची टाकी पुसताहेत.

मी गेट-ग्रिलच्या कामाला जातो, तिथे शुक्रवारी सुट्टी. तो दिवस एटीव्हीचा झाला. दोन शुक्रवार नुसतं खोलण्यात गेले. खारी हवा लागलेला नट फिरत नाही, मोडतो. काकांनी कोळीवाड्यातून माशाचं तेल मागवलं, होडीला लावतात ते, आणि म्हणाले चार दिवस हे पाजत राहा. वास असा की शेजारची मांजरं गाडीवर येऊन बसायला लागली. पण नट सुटले. इंजिन अडकलेलं नव्हतं. कार्बोरेटरमधून वाळूची चिमूट निघाली. काका स्टुलावरून हुकूम सोडायचे, मी ‘व्हय काका’ म्हणत ऐकायचो. त्या दोन महिन्यांत मी सुखी होतो, हे मला आता कळतं.

चेसी मोकळी झाली तेव्हा रंग खरवडायला घेतला. वर निळा होता, त्याच्या खाली पिवळा.

“पिवला माजा,” काका म्हणाले. “निला पोराचा. त्याला निला पायजेल व्हता.”

पिवळ्याच्या खाली लाल लागला. पुढच्या डाव्या चाकाचा आर्म जिथे चेसीच्या पाइपाला धरतो, नेमका तिथेच पाइप मोडलेला होता. मोडलेल्या जागेच्या बाजूला, पाइपाच्या तळाला, लाल रंगाखाली वेल्डिंगनं भोक बुजवलेली एक गोल भरणी दिसली. पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. छान कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. मी मनात म्हणालो, कुणीतरी मन लावून केलंय. अजून थोडा रंग काढला. भरणीच्या शेजारी पंचनं, म्हणजे लोखंडावर खूण ठोकायच्या खिळ्यानं, मारलेले दोन ठिपके होते.

ग्राइंडर हातात फिरतच राहिला. तो बंद करायचा असतो हे मला सुचेना.

माझे गावाकडचे उस्ताद काम पुरं झालं की वेल्डिंगशेजारी पंचचा एक ठिपका मारत. ट्रॉली परत आली तर काम कुणाचं ते कळावं म्हणून. मी हाताखाली आल्यावर म्हणाले, तू दोन मार, म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते समजेल. या सबंध किनाऱ्यावर ती सवय असलेला एकच माणूस आहे.

“काय रं, करंट बसला काय?” काकांनी स्टुलावरून विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो. “बसला.”

आणि बोटावर ग्रीस घेऊन मी ते दोन ठिपके झाकले. असं का केलं ते विचारू नका. हातानं आपसूक केलं.

सांगतो ते असं. इथे आलो त्या पहिल्या वर्षी गेटचं काम संपल्यावर मी एका गॅरेजमध्ये लागलो होतो. पावसाळा सरला की दिवाळीच्या आधी किनाऱ्यावरच्या सगळ्या एटीव्ही दुरुस्तीला येत. गाडी कुणाची ते मिस्त्रींना माहीत. माझ्यापुढे नुसता सांगाडा असायचा. अशाच एका लाल गाडीच्या चेसीला खालून मला भोक दिसलं. आमच्याकडे ट्रॉलीच्या पाइपाला भोक दिसलं म्हणजे गंज लागला, उद्या मोडणार. मला कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्री खूश होतील म्हणून मी बोल्टचा तुकडा कापून त्यात बसवला, वेल्ड मारला, घासला, दोन ठिपके दिले. उजव्या बाजूलाही तसंच भोक. त्याला रॉड लावणार एवढ्यात मिस्त्री मागून ओरडले.

“ए परभणी! काय करतोस? ते भोक आम्ही मारलेलं हाय! खारं पानी आत शिरतं ते जानार कुठून, तुझ्या नाकातून? बुजवलंस तर पाइप आतून सडंल आणि वरनं नवरदेवासारखा दिसंल!”

मी उभाच राहिलो. आमच्याकडे टँकरच्या पाण्याला रांग लागते. पाणी बाहेर जावं म्हणून चांगल्या लोखंडाला मुद्दाम भोक पाडणारी माणसं असतील, हे माझ्या डोक्यात बसणारं नव्हतं.

“किती बुजवलीस?” त्यांनी विचारलं.

नोकरी लागून बारा दिवस झाले होते. मी म्हणालो, “एकपण नाही. आता बघतच होतो.”

त्यांनी विश्वास ठेवला. संध्याकाळी त्यांनीच गाडीवर लाल रंग मारला. ती दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये होती. तेवढ्या वेळात ड्रिल मारून मला भोक मोकळं करता आलं असतं. केलं नाही, कारण मिस्त्री कायम आसपास असायचे. मग गाडी गेली. काही दिवस भीती वाटली, मग सीझन सुरू झाला आणि मी विसरलो. खरंच विसरलो. तेच मला जास्त लागतं.

पडवीतल्या त्या शुक्रवारी काका जेवून आडवे झाल्यावर मी हेक्सॉ घेऊन डावा पाइप कापला. आत ओल्या सिमेंटसारखी वाळू गच्च बसलेली. ती खरवडली तर पाइपाचा पत्रा पापडासारखा हातात आला. अंगठ्यानं दाबलं तर मोडला. उजवा पाइप कापला. त्याचं भोक मोकळं होतं. आतून गंजाची तांबूस साय होती फक्त, पत्रा नवा वाटावा इतका जाड. तोंड लावून फुंकलं तर दुसरीकडून वाजला.

सात वर्षं हे घर म्हणत होतं, गाडी आपटली म्हणून पाइप मोडला. तसं नव्हतं. पाइप मोडला म्हणून गाडी आपटली.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. कामावर गेलो, आलो, जेवलो. मधला तुकडा ताटात यायचा आणि मी तो भाताखाली सारायचो. दोन्ही पाइप नवे टाकून वर रंग मारला असता तर जगात कुणाला कळलं नसतं, हे मी शंभर वेळा स्वतःला सांगितलं. सांगितलं तर ही खोली जाईल, ‘बाला’ म्हणणारं तोंड जाईल, आणि मी पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात. नाही सांगितलं तर तो उरणचा माणूस गणपतीला येऊन अंगणात जेवत राहील. त्याच्या जागी आत कोण जेवणार? मीच.

रविवारी मी कामावर गेलोच नाही. शेजारचे म्हातारे कांदे मागायला आले. काकांनी त्यांना गाडी दाखवली. मी चहाचा कप धरून उभा होतो.

“बघ,” काका म्हणाले, “पोटच्यानं मोडली, परक्याच्या पोरानं जोडली.”

कप माझ्या हातातून पडला नाही. मी तो नीट खाली ठेवला, म्हातारे जाईपर्यंत थांबलो, आणि दोन्ही पाइपांचे तुकडे काकांच्या पुढ्यात आणून ठेवले. ठिपक्यांवरचं ग्रीस पुसलं.

“काका, हे भोक मी बुजवलंय.”

“कंचं?”

“हे. डाव्या पाइपाचं. दहा वर्षांपूर्वी, गॅरेजमध्ये. हे दोन ठिपके माझे आहेत. त्याच्यामुळं पाइप सडला. गाडी त्याच्यामुळं उलटली. तुमच्या पोरानं नाही मोडली.”

त्यांनी डावा तुकडा हातात घेतला, अंगठा आत घातला, पत्र्याचा टवका पडला. उजव्यात बोट घातलं. माशाची ताजी-शिळी पारख करावी तसे उलटून पालटून दोन्ही बघितले.

“तुला ठाव व्हतं?”

“गाडी तुमची हे परवा कळलं. भोक बुजवायचं नसतं हे त्याच दिवशी कळलं होतं.”

“मंग मिस्त्रीला का न्हाय बोललास?”

“काढून टाकलं असतं.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मी त्याला दवाखान्यात काय काय बोललो तुला ठाव न्हाय.” आणि उठायला काठी शोधायला लागले. काठी भिंतीला टेकलेली होती. ती त्यांना सापडेना. मी दिली तर घेतली, पण माझ्याकडे न बघता.

काकू दारात होत्या. कधीपासून, ते माहीत नाही. हाताला पीठ होतं.

“सात वरसं,” त्या म्हणाल्या, “माजा पोर आंगनात जेवून जातंय.”

आणि आत गेल्या.

त्या दुपारी माझं ताट नेहमीच्या जागी आलं. भात होता, आमटी होती, मासळीही होती, मधलाच तुकडा. पण ‘बाला’ नव्हतं. नुसतं ताट. त्यापेक्षा उपाशी ठेवलं असतं तर मी समजलो असतो. मी पिशवी भरली, मग काढली, मग पुन्हा भरली.

संध्याकाळी काकांनी मला हाक मारली. “त्याचा नंबर लाव.”

मी काकूंच्या फोनवरून लावून तो त्यांच्या हातात दिला. पलीकडून ट्रेलरच्या इंजिनाचा आवाज येत होता. मुलगा म्हणाला, “बोल आये.” त्याला वाटलं आई आहे. दुसरं कोण करणार होतं त्याला फोन?

काकांनी घसा साफ केला. “ये,” ते म्हणाले, आणि फोन माझ्याकडे परत दिला. बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. पलीकडून तो “हॅलो, हॅलो, बाबा?” करत राहिला, आणि मी तसाच फोन धरून उभा.

तो गुरुवारी सकाळी, मी कामाला निघायच्या आधीच आला, मोटारसायकलवरून. अंगणात खुर्ची घ्यायला वाकला तर काका पडवीतून ओरडले, “हिकडं ये.” तो मधल्या घरातून गेला. सात वर्षांत पहिल्यांदा. दाराच्या चौकटीला त्यानं हात लावलेला मी बघितला.

मी त्याला सगळं सांगितलं. एकही शब्द मागे ठेवला नाही. माझ्यापेक्षा वीतभर उंच, ट्रेलर चालवून मनगटं जाड झालेला माणूस. आता एक ठोसा येणार म्हणून मी दात आवळून ठेवले होते. त्यानं मात्र पाइपाचे तुकडे उचलले, सडलेल्या पत्र्यावरून अंगठा फिरवला. ओहोळाजवळ नेमकं काय झालं ते तो बहुधा पुन्हा बघत होता. मग म्हणाला, “हँडल हातात नुसतंच फिरलं होतं. मी तेव्हाच बोललो होतो. कोण ऐकतंय.”

काकांनी मान खाली घातली.

“पन बाबा,” तो म्हणाला, “स्पीड होता. खोटं नाय बोलत. मी जोरातच होतो.”

“जोरात म्हंजे किती?”

“पन्नास असंल.”

“पन्नास? ती गाडी चालीसच्या वर जात न्हाय! दोन मानसं बसल्यावर तीस!”

“तुमाला काय ठाव? तुमी मागं बसून माज्या शर्टाला धरून देवाचं नाव घेत होता!”

“मी? आरं, मी तुला ओरडत व्हतो, ओहोल आला म्हनून!”

“ओहोळाच्या अलीकडंच मोडली ती!”

“पलीकडं!”

“अलीकडं, बाबा! कोरड्या वाळूत!”

आवाज इतके चढले की शेजारचे म्हातारे कुंपणापाशी येऊन उभे राहिले. काकांनी काठी आपटली. मुलगा पाइपाचा तुकडा नाचवत होता. मला राहवेना. चूक तर माझी होती. मी पुढे झालो, “काका, पाइप असा सडलेला असेल तर विसाच्या स्पीडलासुद्धा...”

माझ्या दंडावर हात पडला. ओला होता, भांडी घासता घासता आलेला. काकू होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या दोघांकडे बघत होत्या.

“बोलू दे त्यांना,” त्या म्हणाल्या. चार दिवसांत माझ्याशी बोललेले त्यांचे हे पहिले शब्द. “मधी पडू नको.”

मी मागे सरून टायरवर बसलो. एव्हाना ते दोघं भरती होती की ओहोटी यावर आले होते. काकांचं म्हणणं ओहोटी, त्याचं म्हणणं पाणी चढत होतं, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडावर बोलत होते.